येसूकाकीचा खंदक

खळ्यात आमसुलं वाळत घातली होती. त्यांचा आंबट, ओलसर वास कुंपणापर्यंत आला होता. ती ज्यात पसरली होती ती वस्तू मी आधी नीट पाहिलीच नाही. मग पाहिली, आणि पायरीवरच बसले. फणसाच्या लाकडाची, झाकण नसलेली, चार हात लांब पेटी. कडा वीतभर उंच, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या.

"ऊन लागलं काय आज्जी?" घरातली सून धावत आली.

"नाय गो. वायच पाणी दे."

ती पाण्याला आत गेली आणि मी त्या पेटीकडे बघत राहिले. हे घर तेव्हा सुभेदारकाकांचं. आता इथे दुसरीच माणसं राहतात. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवरचं, गावाच्या अगदी कडेचं. आमचं घर त्याच्या वरच्या अंगाला होतं. आता तिथे नुसता चौथरा उरलाय. पहिली जर्मन लढाई संपून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचे आप्पा शाळामास्तर, आई सदा आजारी. त्यामुळे पावसाळ्यातल्या माझ्या सगळ्या दुपारी सुभेदारांच्या पडवीत गेल्या.

त्या दुपारींचा वास अजून नाकात आहे. ओल्या जांभ्याचा, चुलीवर टांगलेल्या सुकटीचा, आणि त्या पेटीतल्या वाळूचा. वाळू भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेली. सुभेदारकाका ती रोज पाणी शिंपडून ओली ठेवत, म्हणजे तिला घालावा तो आकार राही. कोरडी पडली तर खंदक ढासळतो, असं ते म्हणत.

त्या पेटीत लढाई चालायची. लावणी संपली, शेतातली कामं मंदावली, की सुभेदारकाका आणि त्यांची बायको येसूकाकी समोरासमोर बसत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पलटणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाने वाळूच्या टेबलावर हा खेळ शिकवला होता, असं काका सांगत. इथे तो काजूबिया आणि चिंचोक्यांनी खेळला जाई. काजूबिया काकांच्या, त्या चाल करून जाणार. चिंचोके काकीचे, ते खंदकात दबा धरून बसणार. सुपाऱ्या म्हणजे तोफा. खंदकापुढची काटेरी तार म्हणजे नारळाचा काथ्या. धूर सोडायचा असला तर शेवरीचा कापूस पिंजून मधे ठेवायचा. एका खेपेला वीतभर पुढे सरकायचं, आणि कवड्या टाकायच्या. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी माणसं मेली.

काकीचा खंदक मात्र सुभेदारकाकांनी कधी आखला नाही. तो ती स्वतः आखायची. करंगळीने, एका दमात, न थांबता. नागमोडी, पाच वळणांचा. दर खेपेला तोच. वाळू मोडून नव्याने पसरली तरी तीच पाच वळणं, त्याच जागी. आखून झाला की ती पदर ओढून खंदकावर ओणवी व्हायची आणि घटकाभर काहीतरी सारखं करीत राहायची. ती वर बघेपर्यंत काका बाहेर पावसाकडे बघत बसायचे. तो तिचा हक्क होता जणू.

"खंदकातल्या माणसाशी कसं लढायचं, सांग बघू," काका मला विचारायचे. मी पाठ म्हणून दाखवायची. सरळ छातीवर चालून जायचं नाही. आधी तोफा, मग माणसं. तोफा थांबल्या की खंदकातली माणसं बिळातून वर येतात. ती वर यायच्या आत आपण पोचलेलं असायला हवं. समोरून गोळीबार करून त्यांची डोकी खाली ठेवायची आणि थोड्यांनी बगलेने जायचं. माळ उघडा असला तर आपणही खणत खणत पुढे सरकायचं. आत शिरलं की वरून पळायचं नाही, खंदकातूनच एकेक वळण घेत जायचं. आणि कुमक राखून ठेवायची. "जिथे आत शिरलो तिथे कुमक धाडायची," काका बोट उगारून म्हणायचे. "जिथे फसलो तिथे कधीच नाही. कधीच नाही."

हे सगळं ज्यांनी मला शिकवलं ते सुभेदारकाका एकदाही जिंकले नाहीत.

लहान होते तोवर मला वाटायचं, काकी फार हुशार. मग हळूहळू लक्षात आलं. काका सुरुवात सुरेख करायचे. तोफा, धूर, बगल, सगळं. पण खेळ रंगात आला की त्यांचा हात आपोआप मधल्या भागाकडे जायचा. मधल्या तुकडीत दहा काजूबिया असत. त्या काथ्याशी अडकायच्या, कवड्या पडायच्या, बिया उचलल्या जायच्या. आणि मग काका राखून ठेवलेल्या बिया घेऊन, अगदी सावकाश, पुन्हा त्याच जागी मांडायचे. त्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम असायचा. बाहेर धो धो पाऊस, अंगणात बेडूक ओरडताहेत, पडवीत गारठा, आणि त्यांच्या मिशीवर घामाचे थेंब.

"पुन्हा तिथेच का, काका?" मी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पडवीत बसलेली आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

सखाराम हे नाव मी आईकडून ऐकलं. येसूकाकीचा धाकटा भाऊ. आईबाप नसलेला, बहिणीने वाढवलेला. सुभेदारकाका तेव्हा जमादार होते. त्यांनीच त्याला पलटणीत घातला, आणि दोघे एकाच बोटीने बसऱ्याला, तुर्कांशी लढायला गेले. काका परत आले. सखा एका खंदकावर चालून जाताना हरवला. मेला असं कुणी पाहिलं नाही, धरला गेला असंही कुणी पाहिलं नाही. सरकारी कागदावर नुसतं 'बेपत्ता'. भाद्रपदात काका दर वर्षी विचारायचे, यंदा त्याच्या नावाने पान वाढायचं काय? काकी नकारार्थी मान हलवायची. एवढंच. त्यावर त्या घरात कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

त्या वाळूत सखाची लढाई चालते हे कळल्यावरही मी जातच राहिले. आता वाटतं, पोरीच्या जातीने घाबरायला हवं होतं. पण मला भीती वाटू लागली ती वेगळ्याच गोष्टीची.

काकी खंदकात काहीबाही ठेवायची. तिसऱ्या वळणावर बोटाने एक गोखला कोरायची आणि त्यात फुटक्या बशीचा निळा तुकडा ठेवायची. "ही किटली," ती म्हणायची, "निळी. झाकण हरवलंय तिचं." चौथ्या वळणाशी नारळाच्या करवंटीचा बारीक टवका. "हितं एक म्हातारा बसतो. जोडा शिवतो. सुई तशीच टोचून ठेवलीय चामड्यात." ती हे अगदी साधेपणाने सांगायची, शेजारच्या घरातलं सांगावं तसं. काका ऐकून घ्यायचे. एकदा ते म्हणाले, "अगो, मी त्या खंदकात उतरलो नाय कधी. आत काय होतं ते मला ठाऊक नाय. तुला कुठून?"

"तुमाला नाय ठाऊक," काकी म्हणाली, आणि तिने कवड्या टाकल्या.

बायका म्हणत, नवरा झोपेत बरळत असेल, तेच ती ऐकत असेल. मलाही तसं मानायचं होतं.

मग संगमेश्वराकडून भिकाजी नावाचे गृहस्थ आले. काकांच्याच पलटणीतले शिपाई. डाव्या हाताची तीन बोटं नव्हती. कोर्टाच्या कसल्याशा कामासाठी रत्नागिरीत आले होते, दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खेळ पाहिला. काकी वाळूवर ओणवी होती. तिने निळा तुकडा गोखल्यात ठेवला, किटलीचं सांगितलं, मग म्हाताऱ्याचं. भिकाजींच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"वयनी, ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

काकी वाळू थापत राहिली.

"सुभेदार, तुम्हाला तवा दवाखान्याच्या बोटीवर घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तुर्क उठून गेला नि आमी खाली उतरलो. तिसऱ्या वळणाला किटली होती. निळी. मी उचलून बघितली, झाकण नव्हतं. नि पुढं एक जोडा पडलेला, अर्धा शिवलेला." ते खाली ठेवलेल्या बशीकडे बघत राहिले. "मी ह्ये कुणाजवळ बोललो नाय. बोलण्यासारखं होतं काय त्यात?"

कौलांवरून पागोळ्या पडत होत्या, तेवढाच आवाज. काकांनी विचारलं, "सखा होता काय रे आत? आपल्यातलं कुणी?"

"नाय. आपलं कुणीच नव्हतं."

"होता," येसूकाकी म्हणाली. ती भिकाजींकडे बघतसुद्धा नव्हती. "तुमाला दिसला नाय."

भिकाजी संध्याकाळची वाट न बघता निघून गेले. त्यांची छत्री काकांच्या पडवीतच राहिली. ती न्यायला ते पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. सुभेदारकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. काजूबी कुठली आणि सुपारी कुठली हे त्यांना चाचपून बघावं लागे. मी सोळा वर्षांची झाले होते, माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. भाद्रपदातल्या एका दुपारी काकांनी बियांची पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"यंदा तू कर हमला. मला दिसत नाय आता."

मी काकीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "खेळ. पण खरं खेळ हां, बाय. माझ्यासाठी म्हणून हरू नको."

मी खरं खेळले. पाच दिवस चालला तो डाव. दिवसातून घटकाभर खेळायचं आणि पेटीवर ओलं फडकं टाकून उठायचं. पहिले तीन दिवस मी नुसती खणत राहिले. डाव्या अंगाला, पहिल्या वळणाच्या समोर, करंगळीएवढी वाकडी चर, रोज वीतभर पुढे. काकी कवड्या टाकायची. पण चरीतली माणसं मरत नाहीत, असा नियमच होता. मधल्या भागात मी दहा बिया मांडल्या आणि त्यांना हलवलंच नाही. काका कान देऊन बसलेले असायचे. "मधली तुकडी?" ते विचारायचे. "जागच्या जागी," मी म्हणायची. ते श्वास सोडायचे.

चौथ्या दिवशी मी तोफा सुरू केल्या. काकीने नेहमीसारखे चिंचोके बिळात ओढून घेतले. मी तोफा थांबवल्या. तिने लगेच चिंचोके वर आणले, कारण तोफा थांबल्या की हमला येतो. पण मी गेलेच नाही. उलट पुन्हा तोफा लावल्या, आणि वर आलेले चार चिंचोके गेले. पुन्हा थांबवल्या. ती पुन्हा वर आली. मी पुन्हा तोफा लावल्या. अशा तीन खेपा झाल्या. इतक्या वर्षांत मी कधीच विचार केला नव्हता की तोफ लागते म्हणजे काय होतं. त्या दिवशी मात्र सुपारी उचलताना मला काकीच्या ओठांकडे बघवेना. ते हलत होते. ती वाळूशी कुजबुजत होती. धीर देत होती कुणालातरी.

पाचव्या दिवशी मी चौथ्यांदा तोफा थांबवल्या. काकीने चिंचोके वर आणले नाहीत. ती फसली होती. मी चरीतून सहा बिया बाहेर काढल्या, काथ्याची तार सरकवली आणि पहिल्या वळणात उतरले. आतून दुसरं वळण. राखलेली कुमक सगळी डावीकडे, त्या उघड्या दारातून. तिसरं वळण. निळा तुकडा बाजूला पडला. पाऊस थांबला होता, कौलांवरून थेंबसुद्धा पडत नव्हता. लांब, खाडीच्या तोंडाशी, समुद्राची गाज तेवढी होती, आणि मला वाटलं, तीही आत्ता थांबेल. चौथं. पाचवं. शेवटचा चिंचोका मी चिमटीत धरला आणि बाहेर ठेवला.

"घेतला?" काकांनी विचारलं.

"घेतला," मी म्हटलं.

नियमाप्रमाणे जिंकणाऱ्याने खंदक बुजवायचा. मी बोटाने तळ उकरला, आणि पाचव्या वळणाच्या तळाशी, वाळूखाली, माझ्या बोटाला काहीतरी टणक लागलं. मी ते वर काढलं. एक काजूबी होती. माझ्यातली नव्हे. जुनी, काळीठिक्कर पडलेली, पुन्हा पुन्हा हाताळून गुळगुळीत झालेली. मी ती तळहातावर धरून बसले.

"काय गो? काय सापडलं?" काका चाचपत पुढे झाले.

"सखा हाय तो," येसूकाकी म्हणाली.

काकांनी माझ्या हातातली बी घेतली. त्यांची बोटं तिच्यावरून फिरत राहिली, आणि मी पाहिलं, त्यांना कळत गेलं. इतकी वर्षं ते त्याला वाचवायला त्या खंदकावर चालून जात होते, आणि इतकी वर्षं तो आतच होता. ते ज्या तोफा लावत होते त्या त्याच्यावर पडत होत्या. खेळ मांडताना दर वेळी पदराआड काकी त्याला तळाशी ठेवत होती, आणि वर चिंचोके बसवून त्याची राखण करीत होती.

"येसू," ते म्हणाले. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी तेव्हाच ऐकली. "पहिल्या खेपेला तो परत आला होता. जखमसुद्धा नव्हती. दुसऱ्यांदा मी धाडला. साहेबाचा हुकूम नव्हता. मीच म्हटलं, सखा, पुन्हा एकदा. तो म्हणाला, जातो दाजी. आणि गेला."

"ठाऊक हाय मला."

"कुणी सांगितलं तुला?"

मोडलेल्या वाळूकडे बघत ती बसून राहिली. मान जराशी तिरकी, ऐकत असल्यासारखी. भिंतीपलीकडे कुणी बोलत असलं की आपण जशी धरतो तशी. मग तिची मान हळूच सरळ झाली.

"नाय बोलत आता," ती म्हणाली.

आणि ती रडायला लागली. मोठ्याने, घर हादरेल अशी. काका वाळूवर हात टेकून सरकत तिच्याजवळ गेले. मी पळाले. घरी जाऊन आईच्या पायाशी बसले आणि मला थंडी वाजून आली.

सून पाणी घेऊन आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरून हे सगळं जाऊन आलं होतं. तिने विचारलं, "ही पेटी कशाची हो, आज्जी? आमच्यात कुणालाच नाय माहीत. धान्याची म्हणावं तर उथळ, नि नुसती परात म्हणावी तर इतकी जड."

मी म्हटलं, "सुभेदारांनी करून घेतली होती. खेळायला."

"म्हातारपणी?" ती हसली. मीही हसले. तिच्या काजूच्या बागेत त्या दोघांच्या समाध्या आहेत, जांभ्याच्या चिऱ्यांच्या, शेवाळलेल्या. मी त्यांना हात लावून आले. दुसऱ्या लढाईला इथली पोरं धक्क्यावरून आगबोटीत चढू लागली त्याच साली काका गेले. काकी त्यानंतर फार राहिली नाही.

एक गोष्ट मी सुनेला सांगितली नाही. नवऱ्यालाही कधी सांगितली नाही. डाव संपल्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकत नव्हते. मला वाटायचं, मी खून केलाय. वाटेत काकी दिसली की मी दुसऱ्या पायवाटेने जायची. सर्वपित्री अमावास्येला ती स्वतःच आमच्या दारात आली. सकाळपासून रांधून, घामेजलेली. "सखाचं पान वाढलंय आज," ती आईला म्हणाली. "बायला जेवायला धाडा."

मी खाली मान घालून गेले. काकांनी नवं धोतर नेसलं होतं. पंक्ती संपल्या होत्या. तिने मला एकटीलाच केळीच्या पानावर वाढलं. भात, वरण, भाजणीचे वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, तांदळाची खीर. मला घास गिळवेना.

"काकी, मी मुद्दाम नाय जिंकले."

"मुद्दामच जिंकलीस. मीच सांगितलं होतं तुला." ती माझ्यासमोर बसली. चुलीच्या धगीने तिचा चेहरा लाल झाला होता, आणि त्यावर एक रिकामेपण होतं. खूप दिवसांचे पाहुणे गेल्यावर घराला असतं तसं. "दमलं होतं माझं पोर तिथं. मला हरायचंच होतं गो. कधीचं. पण ह्यांच्या हातून नाय. ह्यांनी दोनदा धाडला त्याला. आणायला तरी दुसरं कुणी जायला हवं होतं."

ती उठली. माझ्या पानावर तिने आणखी भात वाढला, त्यावर तुपाची धार सोडली. मी मुकाट्याने जेवले. काहीच टाकलं नाही.